इनामगांवचे अस्थिशेष व लिंगनिर्णय

घोडनदीकांठच्या इनामगांवीं (ता. शिरूर, जि. पुणें) डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांचा १९८८ चा अहवाल मोलाचा आहे. तथापि तो वाचतांना एक विवेक राखावा, असें आम्हांस वाटतें. तेथील ताम्रपाषाणकालीन दफनांत बालकेंच फार. बहुधा दोन घटांचीं तोंडें जुळवून पुरलेलीं. प्रौढाचें लिंग कटीच्या हाडांवरून बहुधा ठरतें. बालकांच्या हाडांत तो भेद पुरता उमटलेला नसतो. चार पायांच्या मृत्कुंभांत बसविलेला सुमारें चाळीस वर्षांचा पुरुष ग्रामप्रमुख मानला गेला. त्यांत ‘पुरुष’ हा हाडांचा निर्णय, ‘प्रमुख’ हें कुंभावरून केलेलें अनुमान. मणी पाहून स्त्री ठरवावी आणि मग स्त्रिया मणी घालीत असें सिद्ध करावें, हा अन्योन्याश्रय दोष होय. हाडें निर्णय देत नसतील तेथें ‘लिंग अनिश्चित’ असेंच लिहावें.