चढाला जादा बैलजोडी

रोटी घाट तसा लहान. सह्याद्रीतल्या घाटांची सवय असलेल्याला तो घाट वाटणारही नाही. पण तुकोबांची पालखी पाटसकडून उंडवडी गवळ्याच्या मुक्कामाला निघते, तेव्हा या चढावर रथाला जादा बैलजोड्या लावतात. रथ तोच, चाल तीच, टाळांचा ठेकाही तोच. फक्त चढापुरतं बळ वाढवायचं आणि माथा आला की जादा बैल सोडून द्यायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याच चढावर मी ई-सायकलचं पायडल मारत होतो. मागच्या चाकातली मोटर हलकेच गुणगुणत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या यंत्राचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

आपल्याकडे ई-बाइक म्हटलं की स्कूटर डोळ्यांपुढे येते. माझी तशी नाही. ही सायकलच आहे, पायडल मारलं तरच चालते. मोटर २५० वॅटच्या आतली, आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवला की तिला नोंदणीही लागत नाही. ताकद पायांचीच, चढावर मदत तेवढी मिळते. त्यामुळे माणूस धापा टाकत नाही, आणि धापा न टाकणाऱ्या माणसाला वास येतात. बारामती, इंदापूर आणि त्यांच्या शिवेवरचा हा द्राक्षपट्टा पाहायला मी मोटार सोडून सायकल काढली, ती याच कारणासाठी. इथली वाइन मी बरीच वर्षं आवडीनं पितो आहे. पण ग्लासातली जी चव मला शब्दांत धरता येत नव्हती, तिची सुरुवात या रानात होते असा माझा अंदाज होता, आणि रान मोटारीच्या काचेतून कळत नाही.

बारामतीहून निघालो तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. कऱ्हा ओलांडली. मोरोपंतांचं गाव हे; पंतांच्या आर्या बहुतेक गीती, बारा मात्रांमागे अठरा, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. शाळेत पाठ केलेली ती चाल पायडलवर आपोआप लागली: थोडं ओढायचं, मग लांब सोडायचं. एमआयडीसी मागे पडली, गोजुबावी गेलं, आणि उंडवडीच्या दिशेनं जमीन हळूहळू वर सरकू लागली. डोळ्यांना हा चढ दिसत नाही. मला तो बॅटरीच्या आकड्यानं सांगितला. पालखी मार्ग आता चौपदरी झाला आहे. रुंदीकरणात जुनी झाडं गेली, आणि ज्या वाटेवर दरसाल लाखो माणसं पायी चालतात तिथली सावली जाणं मला अजून लागतं. मी शक्य तिथे बाजूच्या रस्त्यानंच गेलो.

इथून पुढे रानाचं खरं वाचन सुरू झालं. बारामतीच्या दक्षिणेला नीरेचा डावा कालवा आहे. १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं आणि ते बारामतीवरून थेट इंदापूर तालुक्यापर्यंत पोचलं. त्या पाण्यावर ऊस आला, माळेगाव आणि भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले, गावं बागायती झाली. उत्तरेचा हा उंडवडी-सुप्याचा भाग मात्र कालव्याच्या वर राहिला. पाणी वर चढत नाही. जनाई-शिरसाईसारखी उपसा योजना आली, शेततळी आली, तरी रानाचा स्वभाव जिरायतीच आहे. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कालव्याचा गारवा आणि उसाच्या पाचटाचा दमट वास जिथे संपला ती जागा मला सायकलवर अक्षरशः नाकानं कळली. हवा एकदम कोरडी झाली. शाळूच्या कडब्याचा वास आला, मग शेळ्यामेंढ्यांचा, मग नुसत्या मातीचा. मोटारीतून शंभरदा गेलो असेन, ही रेघ मला कधी लागली नव्हती.

आणि द्राक्ष याच रेघेच्या वरच्या बाजूचं आहे. उसाला काळी, खोल, ओल धरणारी जमीन लागते. वेलीला पाय ओले राहिलेले खपत नाहीत. कालव्याखालच्या अतिपाण्यानं नीरेकाठची किती जमीन चोपण झाली हे इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. वरचं रान मुरमाड, म्हणजे काळ्या पाषाणाचा झिजून झालेला चुरा. पाणी दिलं की निथळून जातं. ठिबकनं मोजून दिलेलं तेवढंच मुळाला मिळतं, बाकी तिनं शोधायचं. मुळी तिथल्या भेगांतून खाली जाते, वेल आटोपशीर राहते आणि मणी लहान होतो. कालव्यानं जे रान नाकारलं तेच वाइनला मानवलं, आणि मला सर्वांत जास्त भावतं ते हेच.

रोटीजवळ टेकडीवर वायनरी दिसते. फोर सीझन्स नावानं युनायटेड स्पिरिट्सनं ती या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केली. वाइन घडवण्याची जबाबदारी अभय केवडकरांकडे होती. पुढे वायनरी ग्रोव्हर झांपाकडे गेली. महाराष्ट्र सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ सालचं, त्यानंतरच्या लाटेतली ही उभारणी. पण पुणे जिल्ह्याला वाइन त्याआधीच ठाऊक होती. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकातच फेसाळ वाइन करून दाखवली होती. हा इतिहास इतकाच पुरे, कारण मला त्या सकाळी टेकडीवरच्या इमारतीपेक्षा बांधावरची बाग खुणावत होती.

खायच्या द्राक्षाची बाग आपण सगळ्यांनी पाहिलेली असते: मांडव, वर हिरवं छत, खाली लोंबणारे लांब मण्यांचे घड. वाइनच्या बागेत मांडव नसतो. वेली तारांवर उभ्या बांधलेल्या, जणू ओळीनं उभी केलेली कुंपणं, आणि घड कमरेच्या उंचीला, एका रेषेत. पानं घडांसमोरून काढलेली, म्हणजे वारा खेळावा. छाटण्या मात्र दोन्हीकडे दोनच: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी. युरोपात थंडी वेलीला झोपवते. आपल्याकडे वेल झोपत नाही, तिला कात्रीनंच वर्ष समजावून सांगावं लागतं. खुंट डॉगरीजचा किंवा ११० आरचा, वर कलम शिराझ या वाइनच्या द्राक्षाचं.

तोडणी चालू होती. कॅरेटजवळ बसलेल्या मावशींना विचारलं, एक घड बघू का? त्यांनी दोन मणी हातावर ठेवले. "ही बाजाराची न्हाईत दादा. साल जाड, बी लई. पन गोडी बघा." मणी वाटाण्यापेक्षा जरासा मोठा, निळसर काळा, वर पांढुरकी भुकटी. दाताखाली आधी साल आली. ती तुटली नाही, चावावी लागली. मग गोडी, इतकी की खायचं थॉमसन द्राक्ष पाणचट वाटावं. साखरेच्या मापात खायचं द्राक्ष अठरा ब्रिक्सला तोडतात, वाइनचं बावीस-चोवीसपर्यंत थांबवतात. गोडीमागून आंबट आलं आणि सर्वांत शेवटी बी. बी दोन दातांत फोडलं, तर कोवळ्या चिंचोक्यासारखं तुरट लागलं नाही. भाजल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोरडी चव आली. वाइन करणारेही बागेत हेच करतात. बी हिरवं आणि कडवट लागलं तर थांबतात, तपकिरी आणि कुरकुरीत झालं तर तोडतात. यंत्र साखर मोजतं, पण पिकणं शेवटी दातालाच कळतं.

मावशींच्या डोक्याला अजून टापशी होती. पहाटे तिथे चौदा-पंधरा अंशांची थंडी असते, दुपारी पारा तिशी ओलांडतो. थंड रात्र आंबटपणा राखते, दुपारचं ऊन साल रंगवतं. तोडणी पहाटेच उरकतात तीही यासाठीच; तापलेला घड टाकीत गेला तर आंबवण हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

मग मी मुद्दाम घाट उतरून पायथ्याशी गेलो, वळलो आणि पालखीच्या दिशेनं चढलो. आषाढातल्या वारीच्या दिवसांत या वाटेवर वाइनचा विचार माझ्या मनात येत नाही, येऊही नये. पण फेब्रुवारीत ही वाट शेतकऱ्याची असते, आणि तिच्यावरून त्याच्या पिकाकडे जाणं मला परकं वाटलं नाही. माथ्यावर मोटर बंद केली. परतीचा उतार जवळजवळ सारा पायांविना पार पडला.

दुपारी बारामतीत जेवण, तोवर बॅटरी भिंतीला. ऊन उतरल्यावर दुसऱ्या बाजूला, इंदापूर रस्त्याला लागलो. काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, पुढे सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण. हा सगळा कालव्याचा मुलूख, ऊस दोन्ही अंगांनी भिंतीसारखा. गाळप हंगाम होता, उसाच्या गाड्या ओळीनं चाललेल्या, मळीचा वास. या हिरव्या भिंतींमधून सायकल चालवताना डोळ्याला क्षितिज मिळत नाही. सकाळचं मोकळं रान आणि ही भिंत, दोन्ही एकाच दिवशी अंगावर घेतल्याशिवाय वर सांगितलेली रेघ पुरती कळत नाही, म्हणून हा फेरा. बेलवाडीहून परतलो. पुढची वाट निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी नीरेच्या पुलावरून अकलूजला जाते. तिथून माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला फ्रातेल्लीचे मळे आहेत. इटलीचे सेच्ची, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीचे सेखरी, अशा तीन घरच्या भावांनी मिळून ते उभे केले. फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. वाइनकार पिएरो मासी टस्कनीचे. सांजोव्हेजे ही त्यांच्या मुलखातली वेल नीरेपलीकडे रुजली. ते अंतर एका दिवसात माझ्या बॅटरीला पेलणारं नव्हतं. तो वेगळा दिवस आहे.

सायकलवर असताना मी वाइनचा थेंबही घेत नाही. बाटली रात्री, घरी, सायकल आत लावल्यावर. रोटीच्या रानातली शिराझ आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, कारण लाल वाइन घरच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड मुलखातल्या घरांचा. आपल्या २८ अंशांत तिचा दारूपणाच तेवढा पुढे येतो. सोळा-अठरा अंशांना ती सावरते.

ग्लास तिरका धरला. कडेला जांभळी छटा, मध्ये गडद. पहिला वास जांभळाचा, तोही ताज्या जांभळाचा नव्हे, झाडाखाली पडून उन्हात थोडं तापलेल्या जांभळाचा. मागे किंचित धूर, लाकडी पिंपाचा. शिराझची ओळख म्हणजे मिरी. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिचं कारण शोधलं: रोटंडोन नावाचं एकच द्रव्य काळ्या मिरीतही असतं आणि शिराझच्या सालीतही, आणि दर पाचांतल्या एकाला ते हुंगताच येत नाही. थंड जागी ते जास्त साठतं. आपल्या उन्हात कमी, म्हणून इथल्या शिराझमध्ये मिरी समोर येऊन बसत नाही. मी वीस मिनिटं थांबलो. मग ती आली, भरडलेल्या मिरीसारखी नव्हे, मसाल्याचा डबा उघडून ठेवल्यावर खोलीत राहते तेवढीच. तिचं असं उशिरा, दबक्या पावलांनी येणं मला फार आवडतं. जगभरच्या नावाजलेल्या शिराझशी तुलना करून जे हिला कमी लेखतात, ते बहुधा तेवढं थांबत नाहीत.

तोंडात घेतल्यावर सकाळचा मणी आठवला, पण क्रम उलटा झालेला होता. गोडी गेलेली, ती यीस्टनं खाऊन मद्य केली. आंबट आधी, मग फळ, आणि शेवटी हिरड्यांवर ती तुरट ओढ. वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जीभ सुकल्यासारखी वाटते. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. आवळा, कवठ, जांभूळ, करवंद खाऊन आपण वाढलो. तुरट हा आपल्या सहा रसांतला एक मानाचा रस आहे, आणि वाइनवर लिहिताना स्ट्रॉबेरी-ब्लॅकबेरीची उसनवारी करण्यापेक्षा आपल्या रानाचे शब्द वापरावेत असा माझा आग्रह आहे. या शिराझची ओढ करवंदाच्या चिकाची नाही. भिजलेल्या आणि मग वाळलेल्या मुरमाची आहे: बारीक, कोरडी, जिभेवर समान पसरलेली. काळ्या, ओल धरणाऱ्या मातीतल्या एखाद्या ढिल्या वाइनला ती नसते. तीच मला इतकी वर्षं शब्दांत धरता येत नव्हती.

सोबत ज्वारीची भाकरी आणि सुकं मटण होतं. मटणाच्या चरबीनं तुरटपणा मऊ केला. ठेचा मात्र बाजूला ठेवला. तिखटावर मद्य जळजळतं आणि फळ मरतं, दोघांवरही अन्याय होतो.

बाटलीत निम्मी उरली, ती बूच लावून दुसऱ्या दिवसावर ठेवली. रिकामा ग्लास तसाच टेबलावर राहिला होता. झोपण्याआधी तो उचलून हुंगला. जांभूळ गेलं होतं, धूरही गेला होता. तळाशी वाळलेल्या थेंबात कडब्याचा वास होता, उंडवडीच्या अलीकडे, हवा कोरडी झाली तिथला.