तांड्यातले गीत आणि एकेकटी गाणी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, आणि विशेषेकरून पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा या तांड्यांच्या मुलखात, 2024 सालच्या लग्नसराईत ‘गुलाबी साडी’ न वाजता वरात पुढे सरकली असे क्वचितच घडले असेल. हे गीत लिहिणारे, त्याला चाल लावणारे आणि गाणारे संजू राठोड हे जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यातून आलेले आहेत. कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा आणि या तिघांवर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा अंमल, ही जी वाटणी मराठी भावगीताच्या प्रांतात वहिवाटीने कायम झाली होती, ती अशा रीतीने मोडावी याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. कारण होळीच्या रात्री डफाच्या ठेक्यावर लेंगी म्हणणाऱ्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, माणसाला रचणारा वेगळा आणि गाणारा वेगळा हा भेद कधी फारसा जाणवलाच नाही.

‘गुलाबी साडी’प्रमाणे, संग्रह न काढता, एकेकटे गाणे प्रसिद्ध करण्याचा आजचा प्रघात ऱ्हासाचे लक्षण आहे, असा आक्षेप काही रसिक घेतात. तो मला मान्य नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरच्या जी. एन. जोशींच्या कंठातून तबकडीवर उतरली, आणि आमच्या वऱ्हाड-नागपूरने मराठी भावगीताला नवी वाट करून दिली, तेव्हाही तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे जागा नव्हती.

खरी परीक्षा व्हावयाची ती शब्दांची. ‘गुलाबी साडी’त बोलते ती स्त्री: साजशृंगार करून उभी राहिलेली ही स्त्री आपल्या धन्याला, माझा फोटो काढ, असे लाडिक फर्मान सोडते, आणि हे फर्मान आपल्या कानांवर येते ते पुरुषाच्या आवाजात. राम जोशी, होनाजी यांच्या लावणीत शाहीर नायिकेच्या मुखाने बोलतो, त्याच कुळातली ही उक्ती आहे. नायिकेच्या हौसेला तीत मान आहे, आणि म्हणूनच वरातीतल्या आज्याही या गाण्यावर संकोच न करता हात उंचावतात. राठोड यांच्याच 2025 सालच्या ‘शेकी’ या गाण्यात मात्र, ठेका अधिक चपळ असूनही, ती स्त्री मुकी झाली, तिच्या कमरेची वाखाणणी करणारा पुरुष तेवढा बोलत राहिला. मला ही पीछेहाट वाटते.

अशा वेळी संग्रहाची उणीव बोचते. 1998 च्या ‘गारवा’ या गीतसंग्रहात कवी सौमित्र आधी कविता म्हणत आणि मग मिलिंद इंगळे यांचा स्वर उमटे, पाऊस एकाच कॅसेटभर निरनिराळ्या मनःस्थितींतून पडत राही, आणि एखादे गीत फिके असले तरी शेजारचे त्याला सांभाळून घेई. एकट्या गाण्याला असा शेजार नसतो. पहिल्याच आवर्तनात ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची सक्ती त्याच्यावर असते, सबब हळू बोलण्याची त्याला मुभाच उरत नाही.

राठोड यांच्या गळ्यात ते हळू बोलणे नसेल असे मी मानीत नाही. लेंगी एका गाण्यावर कधी थांबत नाही. थट्टा, विरह, देवाची आळवणी असे करीत ती रात्रभर चालते. राठोड यांनी गोरमाटी बोलीत पाच-सहा गीतांचा एक सलग संग्रह काढावा; दिग्रस-पुसदकडचे तांडे तो पहाटेपर्यंत ऐकतील.