आराखडा आणि उतार

नगररचनेचा आराखडा हाही एक ग्रंथच होय. तो वाचणारे थोडे, परंतु त्यांत राहणारे पुष्कळ. म्हणून त्याचें परीक्षण या पानांत आलें, तर वाचकांनीं नवल मानूं नये.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 याच्या 22व्या कलमांत विकास योजनेंत काय असावें याची यादी आहे. जमिनीच्या वापराची वाटणी, शाळा, क्रीडांगणें, रस्ते, पाणीपुरवठा हीं आधीं; पूरनियंत्रण बरेंच मागाहून. सखल जागा भरून काढणें व जमीन सपाट करणें हींही तींतच येतात. पाण्याची वाट कोणती, उतार किती भार सोसेल, हें पाहून मग जमीन वाटावी, असा क्रम तेथें दिसत नाहीं. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील, असें जणूं गृहीतच धरलेलें आहे.

आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें कांहीं शहर नव्हे, व हें कलम तेथें लागू होतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण विचाराची सवय तीच. 30 जुलै 2014 रोजीं अतिवृष्टींत डोंगर खालीं आला आणि दीडशेंच्या वर माणसें गाडलीं गेलीं. एस. टी.च्या चालकाला नेहमीच्या जागीं गांव दिसेना, तेव्हां कोठें बाहेर वार्ता कळली. नवें गांव जवळच आमडे येथें वसविलें. भूकंपरोधक घरें, शाळा, रस्ते, सर्व आलें, आणि एप्रिल 2017 मध्यें तें लोकांच्या स्वाधीन झालें. त्याच वर्षीं जूनच्या पावसांत भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, गटारें ढासळलीं. एकदां सर्वस्व गमावलेलीं माणसें पुन्हां पायांखालच्या जमिनीकडे भयानें पाहूं लागलीं. लोक पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढीत असतां घाई करणें भागच होतें, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु घाईंत काय मागें राहिलें, यावरूनच योजकाच्या मनांतील क्रम कळतो.

शेजारच्या जुन्नरला मानमोडीच्या डोंगरांत नहपानाचा अमात्य अयम याचा 46व्या वर्षाचा शिलालेख आहे. त्यांत पोढी, म्हणजे पाण्याचें टाकें, व मंडप यांचें दान नोंदलें आहे. पोढीचें नांव आधीं. लेणें कोरणाऱ्यांस अखंड कातळ लाभला, आजच्या योजकाच्या वाट्यास उतारावरची माती आली, हा भेद आम्हांस मान्य आहे. पण तेवढ्यासाठीं तर पाण्याचा विचार अधिकच आधीं व्हावयास हवा.

दिल्लीच्या टेरी संस्थेनें राज्य शासनासाठीं केलेला वातावरणबदल-अनुकूलनाचा अहवालही 2014 सालचा, माळीणच्याच सालचा. तापलेल्या हवेंत बाष्प अधिक मावतें, व तें थोड्या वेळांत पुष्कळ कोसळतें, हें शास्त्र आतां नवें राहिलेलें नाहीं. तथापि असा अहवाल एका कपाटांत आणि जमिनीचा नकाशा दुसऱ्या कपाटांत, अशानें कोणाचेंच घर वांचत नाहीं. जुन्नर, मंचर किंवा घोडेगांव यांच्या आराखड्यांत पहिला नकाशा ओढ्यांचा व उतारांचा असावा; रस्त्याची रेषा त्यावर मग ओढावी. आणि ज्या ओढ्यांच्या कांठीं घरें आधींच उभीं आहेत, त्यांतील कुटुंबें कोठें जावयाचीं, हा अवघड प्रश्न परिशिष्टांत नव्हे, पहिल्याच पानावर लिहावा लागेल.