कळणे आणि सांगता येणे : मित्रा, तनय आणि एक आई

आपण समलिंगी आहोत हे माणसाला कसे कळत जाते, याचे बहुचर्चित उत्तर ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये दिले. संभ्रम, तुलना, सहन करणे, स्वीकार, अभिमान आणि समन्वय अशा सहा पायऱ्या त्यांनी मांडल्या. पुढे लिसा डायमंड यांनी काही स्त्रियांच्या आयुष्याचा दहा वर्षे मागोवा घेतला आणि २००८ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की, ही वाट सरळ चढत जाणारी असतेच असे नाही. मराठीतील काही कृती या मांडणीशेजारी ठेवल्या की आणखी एक प्रश्न उभा राहतो : जे कळले ते ऐकून घ्यायला समोर कोण आहे?

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये (१९२७ ते १९५३) वाचक आपल्या लैंगिक शंका विचारत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. अशाच प्रश्नोत्तरांवरून झालेल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. म्हणजे प्रश्न विचारणारे मराठी माणूस तेव्हाही होते. मात्र त्यांना उत्तर देणारा एक संपादक होता आणि त्यालाही कोर्टात उभे राहावे लागले.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात (१९८१) हा ऐकणारा म्हणजे बापू, कॉलेजातला मित्र. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली सुमित्रा ऊर्फ मित्रा स्वतःला ओळखते ती नकारातून. लग्न ठरू लागते, घरातल्या नोकराबरोबर ती स्वतःची परीक्षा पाहते आणि पुरुषाविषयी आपल्याला काहीच वाटत नाही हे तिला उमगते. आपण काय नाही हे तिला कळते. आपण काय आहोत हे सांगायला तिच्याजवळ शब्द नाही, आणि आपल्यासारखी दुसरी कुणी तिने पाहिलेली नाही. कॅस यांच्या स्वीकाराच्या पायरीवर आपल्यासारख्या इतरांचा सहवास गृहीत धरलेला आहे. मित्राच्या वाट्याला तो येत नाही, म्हणून तिचा सारा भार एकट्या नमावर पडतो. तिच्या प्रेमातला हट्ट आणि शेवटची आत्महत्या यांचे खापर तिच्या ‘प्रकृती’वर फोडणारे वाचन मला म्हणूनच अपुरे वाटते.

नाटकाची मर्यादाही इथेच आहे. मित्राचे वेगळेपण तेंडुलकर पुरुषी वागण्यातून दाखवतात. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, हा योगायोग नव्हे. मग नमाचे काय? तीही काही काळ या नात्यात आहे. तिला स्वतःविषयी काय कळले, हे बापू विचारत नाही आणि नाटककारही विचारत नाही. ‘बायकी’ दिसणारी स्त्री स्त्रीवर प्रेम करते तेव्हा तिच्या आत काय घडते, ही गोष्ट अलिखितच राहते.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) मध्यस्थ नाहीसा होतो. भाऊ तनय आणि बहीण अनुजा एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. पहिले निवेदन तनयचे, आणि तो बोलतो ते निघून गेलेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणत. संभ्रमाची पायरी तनयने केव्हाच ओलांडली आहे. भाषाही त्याच्यापाशी आहे. पण अनुजा त्या भाडेकरूबरोबर गेली म्हणून घर हादरते, ती परतल्यावर सगळे तिच्याभोवती धावतात. त्याच माणसाला तनयनेही गमावले आहे, हे मात्र त्या घराच्या हिशेबातच नाही. मित्राला शब्द नव्हता. तनयला शब्द आहे, पण श्रोता नाही.

दिवंगत चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये हा क्रम उलटतो. मुलाची डायरी आईच्या हाती लागते आणि स्वतःला तपासण्याची पाळी आईवर येते. पायऱ्या चढायच्या असतात त्या आता तिला. कॅस यांच्या नकाशात ही जागा नाही, कारण तो एकट्या व्यक्तीचा नकाशा आहे. आपल्याकडे माणूस एकटा क्वचितच असतो. त्याच्या कळण्यात घरही सामील असते, निदान अडसर म्हणून तरी.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. दिवाणखान्यातली शांतता न्यायालयाला मोडता येत नाही. ती मोडणारी आई दातारांनी लिहिली. नमा लिहिणारी लेखणी अजून यायची आहे.