स्तंभावरची नावे आणि पगारवहीवरची सही

कोरेगावच्या रणस्तंभाविषयी आपण जेवढे बोलतो, तेवढा तो वाचत नाही. ही तक्रार आधी माझ्याविरुद्धच आहे. महाविद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेत एका विद्यार्थ्याने ‘५०० महारांनी २८ हजारांची पेशवाई गाडली’ असे ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणून मी त्याला पहिला क्रमांक दिला. घरी आल्यावर मात्र टोचणी लागली. तपासायला हवे ते मी तपासले नव्हते.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कंपनीचे सुमारे ८०० लोक होते. त्यांत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, सुमारे ५०० शिपायांची. शिवाय घोडेस्वार आणि मद्रासचे तोफची. पलटणीतले सगळे महार नव्हते. पेशव्यांची फौज २० हजारांच्या वर होती, पण गावात घुसून लढले ते त्यातले थोडे, आणि त्यांतही अरब पुष्कळ. स्तंभावर कंपनीच्या मृतांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ती आपली माणसे. उरलेली इतर जातिधर्मांची.

मग ५०० चा हट्ट कशाला? २२ काय कमी आहेत? ज्यांचे नाव गावात शिवीसारखे उच्चारले जाई, त्यांची नावे इतरांच्या ओळीत, त्याच दगडावर कोरली गेली. हा अर्थ फुगवलेल्या आकड्यात हरवतो. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर तर हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न राहिलेला नाही. एका चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून आपला सगळाच इतिहास खोटा ठरवायला लोक टपलेले आहेत. त्यांच्या हाती हे कोलीत आपणच का द्यावे?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. स्तंभ उभारला तो कंपनीने, स्वतःच्या विजयासाठी. त्याच इंग्रज सरकारने १८९० च्या दशकात महारांना लष्कराचे दार बंद केले. १८९४ मध्ये पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला; १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. लढाई आली की दार उघडायचे, संपली की लावून घ्यायचे, असा हा व्यवहार. शौर्याने जात मोडत नाही, हा या इतिहासाचा कडू धडा आहे.

तरीही पलटणीने आपल्याला एक गोष्ट दिली. ती बंदूक नव्हे, पाटी. वलंगकर पलटणीत शिकले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्रांनाच जाब विचारू लागले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला, हे आपण जयंतीला सांगतो. छावणीत शाळा होती, हे सांगत नाही.

आपल्या कवितेत, जलशात, भाषणात १८१८ चा शिपाई सतत गर्जतो. पण १९४१ चा शिपाई कुठे आहे? वायव्य सरहद्दीवर पहारा करणारा, ब्रह्मदेशात गेलेला, १९४७ मध्ये पंजाबात निर्वासितांच्या तांड्यांना सांभाळून नेणारा? माझ्या वाचनात तो फारच क्वचित आला. कारण तो प्रतीक व्हायला तयार नाही. तो माणूस आहे.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्या युद्धात महार पलटणीत होते. लढाईचे काही सांगत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: पगारवहीवर अंगठा न उठवता पहिल्यांदा सही केली तो दिवस. गावी परतले, गणवेश ट्रंकेत गेला, आणि हॉटेलात कपबशी पुन्हा वेगळी मिळाली. त्यांनी ती फोडली नाही. मुकाट्याने उठून आले आणि धाकट्या भावाच्या पोरांना शाळेत घातले. माझे वडील त्यामुळे सातवीपर्यंत शिकले, भिवंडीत मागावर उभे राहिले आणि मला पदवीपर्यंत पोचवले. ही कथा फडावर टाळ्या घेणार नाही. पण दलित साहित्याने अनुभवाशी इमान राखायचे, असे आपणच म्हणत आलो ना? मग न फुटलेली कपबशीही लिहावी लागेल.

त्या विद्यार्थ्याला मी बोलावून हे सगळे सांगितले आणि माझी चूक कबूल केली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, म्हणजे कोरेगावला जायचं नाही?”

जायचे. मीही जाणार आहे, आपल्या वस्तीतल्या गाडीतूनच. पण या वेळी हार घालून लगेच परतायचे नाही. दगडासमोर उभे राहून सगळी ४९ नावे वाचायची, आणि घरी आल्यावर आपापल्या आज्यापणज्यांच्या ट्रंका उघडायच्या. पुढचे लेखन तिथे आहे.