उल्हासनगरची कोनशिला

उल्हासनगरचा जन्म ८ ऑगस्ट १९४९ रोजीं झाला, असें सामान्यतः लिहिलें जातें. त्या दिवशीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं कोनशिला बसविली व उल्हास नदीवरून शहरास नांव मिळालें, हें खरें. नांवाची तिथि म्हणून ती आम्हांस मान्य आहे. वस्तीची तिथि म्हणून नाहीं. कोनशिला हा हेतूचा पुरावा होय, वसाहतीचा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. युद्ध संपलें, बराकी राहिल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें त्यांत उतरविलीं गेलीं. शिपायांच्या निजण्यासाठीं बांधलेल्या लांब दालनांत आडोसे घालून संसार मांडले गेले. तात्पुरती म्हणून केलेली सोयच शहराचा पाया ठरली. पुढें नगरपालिका व महानगरपालिका झाली, तरी कँप क्रमांक व बराक क्रमांक पत्त्यांतून गेले नाहींत. आमचे मतें हा पत्ता कोनशिलेहून अधिक विश्वसनीय लेख आहे.

१९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यानें निर्वासितांस मालकीचा मार्ग खुला झाला. इनामपत्रांच्या नकला जपणाऱ्या संशोधकांनीं बराकींच्या सनदा अर्वाचीन म्हणून उपेक्षूं नयेत. बराकींच्या जागीं इमारती उठल्या. तेथें पहिली रात्र काढणारे थोडेच उरले. त्यांच्या जबान्या व उरल्या बराकींचे नकाशे आतांच टिपले पाहिजेत. नाहींतर पुढें एकटी कोनशिलाच साक्ष देईल, आणि ती अपुरी आहे.