छेदातली करणी: नियम चुकीचा नाही, शिकवण अर्धवट आहे

नववीत ‘वास्तव संख्या’ प्रकरणात आपण सगळ्यांनी एक नियम घोकला: छेदात करणी ठेवायची नाही, परिमेयीकरण करायचं. ‘पण का?’ हा प्रश्न बहुतेकांचा तिथेच राहून जातो. संशोधनात तो पुन्हा समोर येतो, म्हणून आज त्याबद्दल.

पहिलं कारण जुनं आहे. १/√२ ची किंमत हाताने काढायची तर १ ला १.४१४२ ने भागत बसावं लागतं. तेच √२/२ लिहिलं की १.४१४२ चं निम्मं, म्हणजे ०.७०७१, तोंडी येतं. कॅल्क्युलेटर आला आणि हे कारण संपलं.

दुसरं कारण बेरजेचं, आणि ते आजही टिकून आहे. १/(√२+१) + १/(√३+√२) घ्या. थेट समच्छेद केला तर छेदात चार पदं होतात. त्याऐवजी प्रत्येक अपूर्णांकाचे अंश-छेद अनुबद्ध जोडीने गुणले तर उरतं (√२−१) + (√३−√२). √२ उडाला, उत्तर √३−१. हीच साखळी १/(√१००+√९९) पर्यंत नेली तर बेरीज चक्क ९!

माझा आक्षेप आहे तो या हत्याराला शिस्तीचा नियम बनवण्यावर. १/√२ + १/√८ चं उत्तर ३/(२√२) लिहिलं काय किंवा ३√२/४ लिहिलं काय, संख्या एकच. क्वांटम भौतिकीत तर १/√२ तसाच ठेवतात, कारण पुढे त्याचा वर्ग करायचा असतो आणि १/२ ही संभाव्यता लगेच दिसते.

संगणकावर हा नियम आंधळेपणाने पाळला तर उत्तरच चुकतं. √(क्ष+१) − √क्ष यात क्ष म्हणजे १ वर १६ शून्यं घ्या. नेहमीच्या ६४ बिट आकडेमोडीत सुमारे १६ अंकच मावतात, त्यामुळे +१ गळतो आणि उत्तर शून्य येतं. तेच १/(√(क्ष+१)+√क्ष) असं लिहिलं, म्हणजे करणी मुद्दाम छेदात नेली, तर १ भागिले २० कोटी हे योग्य उत्तर मिळतं.

कागदावर समान असलेली दोन रूपं कामाला समान नसतात. त्यामुळे परिमेयीकरण करण्याआधी एवढंच विचारा: पुढच्या पायरीला या संख्येचं मी काय करणार आहे?